तासगावच्या कात्रीनं वाचवलेला ॲडमाइट

मंडळी, आज आपली छाती लय फुगलीय. का, ते ऐका.

फौजेतून रिटायर झाल्यापासून मी खनिजं जमवतो. त्यातला सगळ्यात लाडका म्हणजे मेक्सिकोचा ॲडमाइट. पिवळसर हिरवे स्फटिक, थेट द्राक्षाच्या मण्यांसारखे.

आज तो घेऊन साताऱ्याहून सांगलीच्या खनिज प्रदर्शनाला निघालो. वाटेत तासगावला धाकट्या बहिणीकडं, सुमनकडं, चहाला थांबलो. तिला दाखवायला डबा उघडला आणि बघतो तर काय! गुंडाळलेला कापूस स्फटिकांत अडकून बसला होता. ओढला असता तर नाजूक टोकं मोडली असती.

"दादा, हात लावू नगंस!" म्हणत सुमननं विरळणीची कात्री आणली. द्राक्षाच्या घडातले जादा मणी ती वीस वर्षं याच कात्रीनं काढते, शेजारच्या मण्याला धक्का न लावता. दगड खालून धरून तिनं एकेक तंतू कापला. एक टोकसुद्धा हललं नाही.

दुपारी सांगलीत एका प्राध्यापकांनी भिंगातून बघून विचारलं, "इतकी सफाई कुठल्या लॅबमध्ये केलीत?"

"तासगावात. माझ्या बहिणीनं."

लगेच दगडापुढं ठेवलेल्या चिठ्ठीवर माझ्या नावाशेजारी तिचं नाव लिहिलं आणि फोटो पाठवला. तिचा हसत फोन आला, "एका दगडासाठी नाव लिहिलंस व्हय? इतकी वर्षं घड घडवलं, त्या द्राक्षांच्या पेटीवर कुणी लिहिलं न्हाई बघ."

तुम्ही खाता त्या द्राक्षांवर कुणाची कात्री फिरलीय, कधी विचारलंय का?