बर्फातल्या शिपायाचा कोट

मोठेबाबा गेल्याचा आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. "बरं," एवढंच म्हणाले आणि समोरची मेल पूर्ण केली. त्याला महिना झाला... माझे हे थोरले काका सैन्यात होते, पण लढले नव्हते. पलटणीत शिंपी होते. निवृत्तीनंतर गोंदियाजवळच्या गोरेगावला आमच्याच ओसरीत मशीन टाकून बसले.

मी चौथीत असताना बाबांनी नागपूरहून युद्धांचा इतिहास शिकवणारं स्टिकरचं पुस्तक आणलं. पानापानावर नुसत्या बनियनमधले शिपाई, बाजूला दोन ओळींची माहिती, आणि शेवटच्या पानांवरच्या वर्द्या सोलून त्यांना चढवायच्या. मोठेबाबांना इंग्रजी येत नसे. मशीन चालवता चालवता म्हणायचे, "वाच वं बाई, आज कोणाले कपडे घालून राहिली?" शाळेत मी कुणाशी फार बोलत नसे, त्यांना मात्र सगळं ऐटीत सांगायची. बर्फातल्या शिपायाचा कोट माझ्याकडून हरवला तेव्हा ते म्हणाले, "याले उघडाच ठेवतं का? मरंल ना थंडीनं!" दुसऱ्या दिवशी पाहते तर पानावर खाकी कापडाचा बोटभर कोट गोंदाने चिकटवलेला... कॉलर, दोन खिसे, तिळाएवढी काजंसुद्धा. "असे लय शिवले, वरते बर्फात गेलेल्या पोराईसाठी," ते म्हणाले. "काही पोरं उतरलीच नाही." मी पान उलटलं. पुस्तकात शिंप्यांबद्दल काही नव्हतं.

मग एकदा माझ्या गोंदियाच्या शाळेतल्या दोघी प्रोजेक्टसाठी घरी आल्या. एकीने नेमकं तेच पान उघडलं. "ये क्या चिपका रखा है? दर्जी की कतरन?" दोघी हसल्या. मोठेबाबा चार हातांवर बसले होते. "पता नहीं किसने लगाया," मी म्हणाले आणि कोट ओढून काढला. मशीन थांबली. मी मान वर केली नाही. "गोंद कच्चा होता वाटते," मोठेबाबा म्हणाले, आणि मशीन पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर त्यांनी मला कधी वाचायला सांगितलं नाही. पुढे बारावी, इंजिनियरिंग, नोकरी... दर सुट्टीत वाटायचं, आज बोलू. ते माझ्या कुर्त्याची बाही आत घेऊन द्यायचे, मी "थँक्यू" म्हणायची. माफी मागायची तर तो विषय काढावा लागला असता. त्यांना आठवत नसेल, असं मी सोयीने धरून चालले.

तेरवीनंतर मोठ्या आईने, म्हणजे काकूने, मशीनच्या खणातला बॉबिनचा डबा माझ्या हातात दिला. "मी फेकून राहिली होती, तं वरडले माह्यावर. पोरीचा आहे म्हने." आत तो कोट होता.

पुस्तक आणि कोट आता पुण्यात माझ्या टेबलावर आहेत. पानावर शिपायाच्या छातीच्या जागी पांढरा, खरबरीत चट्टा आहे. कोट त्यावर ठेवला तर तसूभरही कमीजास्त होत नाही. माप त्यांनी नुसत्या नजरेने घेतलं होतं. काल मी तो पहिल्यांदा उलटा करून पाहिला. मागे, कापडाला घट्ट चिकटून, शिपायाची छाती होती.

गोंद पक्का होता.