माझ्यामागे मायनं चालवलेला दवाखाना

निघाले त्या सकाळी पोखर्णी फाट्यावर मला सोडायला माय आली होती आणि मायच्या मागे गावातल्या सात-आठ बाया. परभणीपर्यंत ऑटो, तिथून हैदराबादची गाडी आणि पुढं विमान, असा माझा प्रवास. बायांना तो काही केल्या समजत नव्हता, किंवा समजून घ्यायचा नव्हता. एकीनं लेकराच्या लसीचं कार्ड माझ्या बॅगेवर ठेवलं आणि विचारलं, "सिस्टर, याचा डोस पुढल्या बुधवारी हाय. तवर येता का तुमी?" मी कार्ड बघितलं, तारीख बरोबर आहे म्हटलं आणि उपकेंद्रावर जा म्हणून सांगितलं. उपकेंद्रावर माझ्या जागी अजून कुणी आलेलं नव्हतं. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

ऑटो सुरू झाला तेव्हा माय एवढंच म्हणाली, "तिकडं थंडी लय हाय म्हनतेत. कान बांधत जाय." इंग्लंडात येऊन मला तीन वर्षं होत आली, मी अजून कान बांधून घराबाहेर पडते. सोबतच्या नर्सेस हसतात. हसू देत.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले आहेत, त्यांना निघण्याची कारणं सांगायची गरज नाही. आठ वर्षं मी गावच्या उपकेंद्रात कंत्राटी नर्स होते. दरवर्षी नवी ऑर्डर यायची, आणि ती येईपर्यंत जीव टांगणीला. वय वाढत चाललं होतं. ओळखीतली एक मैत्रीण परीक्षा देऊन परदेशी गेली, मग मीही अभ्यासाला बसले. जे मागे राहिलात त्यांना मात्र हे कितीही सांगितलं तरी पुरत नाही, आणि तुमचं चुकतं असं मला वाटत नाही.

आमचं घर विहाराच्या शेजारी, दोन खोल्या आणि पुढं ओटा. वडील मजुरी करता करता गेले. भावाला परभणीत कारकुनाची नोकरी लागली. मला मायनं नर्सिंगला घातलं तेव्हा वस्तीतले लोक म्हणाले, पोरीला एवढ्या लांब कशाला ठेवायची. माय म्हणाली, "सुई टोचायला शिकंल, अन् काय." नोकरी लागून मी गावातच आले तेव्हा उपकेंद्र चारला बंद झालं की लोक थेट आमच्या घरी यायला लागले. पहिल्या वर्षी वरल्या आळीतल्या बाया ओट्याच्या खाली उभ्या राहूनच औषध विचारायच्या. माय चहा ठेवायची, त्या म्हणायच्या, "आत्ताच घेऊन आलो." माय कप आत नेऊन स्वतः प्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायची. तिसऱ्या वर्षी एक म्हातारी गुडघे दुखतात म्हणून ओट्यावर टेकली आणि चहा प्यायली. मग हळूहळू सगळ्याच टेकायला लागल्या. म्हातारी टेकली त्या संध्याकाळी मायनं साखर जरा जास्तच टाकली होती, हे मला पक्कं आठवतं.

माझ्या कामाचा एक नियम होता आणि त्या नियमापायी मी गावात बदनाम होते. "गोळी घेतली का?" असं मी कधीच विचारायची नाही. घरात शिरायचं आणि म्हणायचं, "रिकामी पाकिटं दाखवा." कारण विचारलं की सगळेच हो म्हणतात. माणूस खोटारडा असतो म्हणून नव्हे, सिस्टरला वाईट वाटू नये म्हणून. एका मामांनी माझ्या भीतीनं महिनाभराच्या गोळ्या पाकिटातून काढून कोंबड्यांच्या खुराड्यात टाकल्या होत्या आणि रिकामी पाकिटं नीट जुळवून ठेवली होती. मी कोंबड्या बघितल्या आणि ओळखलं. त्या आठवड्यात त्या भलत्याच सुस्त होत्या.

इथंही मी घरोघरीच जाते. गाडी आहे, टॅब आहे, दिवसाला बारा-तेरा व्हिजिटा आहेत. दारापाशी भिंतीवर एक लहानशी पेटी असते, नंबर दाबला की उघडते, आत किल्ली. आपणच दार उघडायचं, आपणच "मी नर्स आले आहे" असं म्हणायचं आणि आत जायचं. आत एक म्हातारा किंवा म्हातारी एकटी बसलेली. ड्रेसिंग करायचं, इन्सुलिन द्यायचं, टॅबवर नोंद करायची, निघायचं. माणसं फार सभ्य आहेत, दर वेळी थँक्यू म्हणतात. आपल्याकडं मला कुणी थँक्यू म्हटलेलं आठवत नाही. निघताना बाया माझ्या पिशवीत ओल्या तुरीच्या शेंगा कोंबायच्या आणि वर ओरडायच्या, "उद्या येताना पिशवी मोठी आना." गावात मी एका घरात शिरले की पाठीमागून चार बाया शिरायच्या आणि रुग्णाआधी त्याच सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. तेव्हा माझं डोकं उठायचं. आता त्या गलक्यासाठी मी काहीही देईन.

मायला बीपी आहे. निघताना मी तिला एक बीपी मोजायचं मशीन घेऊन दिलं, आकडे तिला वाचता येतात. भाऊ परभणीहून तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणून ठेवायचा. दर रविवारी मी व्हिडिओ कॉल करायची आणि, काय सांगू, विचारायची, "माय, गोळी घेतलीस का?" ती म्हणायची, "घेतली की." आणि मी पुढच्या गोष्टीकडं वळायची. अख्ख्या गावाचा हो मी कधी मानला नाही आणि आईचा मानला. साता समुद्रापलीकडून मला तेवढंच ऐकायचं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्याच्या दाराबाहेर गाडी लावत असताना शोभाचा फोन आला. शोभा आमच्या वस्तीतली आशाताई, माझ्या हाताखाली काम शिकलेली. "सुजाताई, घाबरू नका," ती म्हणाली, आणि हे वाक्य मी स्वतः किती जणांना म्हटलंय ते मला ठाऊक होतं. माय अंगणात पडली होती. तोंड जरासं वाकडं झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता. शोभानं गावातली जीप थांबवून तिला परभणीला दवाखान्यात नेलं होतं. भाऊ तिथं पोचला होता. मी गाडीत बसून रडले, मग तोंड पुसलं, पेटीतून किल्ली काढली आणि आत जाऊन त्या म्हाताऱ्याच्या पायाचं ड्रेसिंग केलं. आपल्या आईला हात लावायला मी नव्हते आणि परक्याचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. याचा राग मला कुणावर काढावा ते कळलं नाही, म्हणून पट्टी दोनदा बांधली.

आठ दिवसांनी मी घरी पोचले. माय दवाखान्यातून परत आली होती, तोंड सरळ झालं होतं, हातात जीव येत होता. चहा झाल्यावर मी नर्स झाले. "माय, रिकामी पाकिटं दाखव."

तिनं डबा पुढं केला. पाकिटं रिकामी होती, अगदी हिशेबानं. पण शोभा दारात उभी राहून माझ्याकडं बघेना, तेव्हा मला कोंबड्या आठवल्या.

"गोळ्या कुठं गेल्या?"

"गेल्या," माय म्हणाली. "ज्येला लागायल्या त्येला."

मग शोभानंच सांगितलं. मी गेल्यावरही बाया येत राहिल्या होत्या. उपकेंद्रावर बरेच महिने कुणी नव्हतं. माय त्यांना ओट्यावर बसवायची, माझ्या मशीनचा पट्टा दंडाला बांधायची, आकडा मोठा दिसला की आपल्या डब्यातली एक गोळी द्यायची. गोळ्या पुराव्यात म्हणून स्वतः एक दिवसाआड घ्यायची, पुढं पुढं दोन दिवसांआड. शोभानं दोनदा बजावलं होतं. तर माय म्हणाली होती, "सुजाला सांगशील तर माज्या घरात पाय ठिऊ नको."

मी लई बोलले. तोंडाला येईल ते बोलले. दुसऱ्याची गोळी दिली तर माणूस मरू शकतो, म्हटलं. तू मेली असतीस, म्हटलं. मायनं सगळं ऐकून घेतलं. मग डाव्या हातानं उजवा हात मांडीवर उचलून ठेवला आणि म्हणाली, "तू व्हतीस तवा त्या तुज्यासाठी यायच्या. तू गेलीस तवा मला वाटलं, आता कोन येतंय आपल्या दारात. पर आल्या. ओट्यावर बसल्या. मी काय नुसता चहा पाजून वापस लावू? दोनदा येतील, तिसऱ्या बारीला न्हाई येनार. मंग तू हितं व्हतीस हे कुनाच्या ध्यानात ऱ्हाईल?"

मला वाटत होतं, मायची आठवण काढत झुरणारी मी एकटीच आहे. ती तिकडं रोज सकाळी स्वतःच्या गोळ्या देऊन माझी जागा धरून बसली होती.

भाऊ म्हणाला, मायला परभणीला नेतो. माय नाही म्हणाली. मी म्हटलं, नोकरी सोडून येते. तर तिनं असं बघितलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. शेवटी आम्ही तिघींनी, म्हणजे मी, माय आणि शोभानं, तोडगा काढला. मायच्या गोळ्या शोभाच्या ताब्यात, रोज सकाळी तिच्यासमोर एक घ्यायची. दर गुरुवारी शोभा वही घेऊन आमच्या ओट्यावर बसणार, बीपी मात्र मायच मोजणार. गोळी कुणालाच द्यायची नाही. आकडा जास्त असेल त्याला शोभा स्वतः सोबत घेऊन आरोग्य केंद्रात नेणार. "अन् चहा?" मायनं विचारलं. चहा चालू राहील, असं ठरलं.

माझं परतीचं तिकीट शुक्रवारचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी ओट्यावर दहा-बारा बाया होत्या, वरल्या आळीतल्याही. मायची उजवी मूठ पुरती मिटत नाही, म्हणून ती पट्टा डाव्या हातानं गुंडाळत होती आणि दातात टोक धरत होती. मी मदतीला उठले, तर म्हणाली, "तू बस. नंबर आला की बोलवीन." मी बायांच्या रांगेत बसले. माझ्या शेजारची म्हातारी मला म्हणाली, "तुजी माय लय कडक हाय, बाई. दम लागलेला असला तर मोजीतच न्हाई."

माझा नंबर आला. मायनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, बटन दाबलं, आकडा बघून ओठ आवळले. "जास्त हाय," ती म्हणाली. "फिकीर करायलीस." शोभानं वहीत नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढचा रकाना गावाचा होता. तिथं ती थबकली, माझ्याकडं बघितलं आणि मायला विचारलं, "काकू, सुजाताईला ऱ्हाणार कुठली लिवू?"

मायनं मान वर केली नाही. ती पट्टा सोडवत होती.

"कुठली म्हंजे?" ती म्हणाली. "हितलीच हाय. लिव, अन् पुढलीला बोलिव."