होडीपुढचा शब्द

खारवलेले बांगडे उन्हात घातले की त्या वासासरशी मला एक दुपार आठवते. नवऱ्याची होडी परतली नव्हती, त्याला मोसम उलटून गेला होता. मुलगी पडवीत लॅपटॉप घेऊन मच्छीमार सोसायटीचं ॲप करत होती. प्रत्येक होडीपुढे ठरलेल्या तीन शब्दांपैकी एक दिसणार होता: बंदरात, समुद्रात, दुरुस्तीला. त्या शब्दांच्या यादीवरून कोडची फाइल एका कमांडने आपोआप तयार व्हायची. त्या तयार फाइलीत तिने मला न विचारता चौथा शब्द घातला होता, ‘बेपत्ता’. पुन्हा कमांड दिली तशी फाइल नव्याने बनली आणि तो पुसला गेला. “गेला गं,” ती म्हणाली. “मग परत लिही.” “हाताने लिहिलेलं तिथे टिकत नाही, आई. मूळ यादीतच घालायला हवा. घालू?” मी बांगडे पालथे करायला वाकले. “सांग ना, बाबांच्या होडीपुढे काय लिहू?” “समुद्रात लिही,” मी कसंबसं म्हटलं. “अगं, त्याने होडी येणार आहे असं वाटेल लोकांना.” “वाटू दे.” मग तीन शब्दांवरच तिने काम संपवलं. आता ते ॲप माझ्याही मोबाइलवर आहे. संध्याकाळी होड्या धक्क्याला लागल्या की एकेकीपुढचा शब्द बदलतो. आमचा बदलत नाही. तो कधीच बदलणार नाही, हे मला बांगडे पालथे करतानाही ठाऊक होतं.