काळूरामच्या नंबरवरचा ओटीपी

अंगात येणं, नजर लागणं, पायरव ऐकू येणं, हे सगळं आमच्या कर्जतमध्ये रिकामपणाचे उद्योग म्हणून मी उडवून लावत आले. मी टॅक्सची कामं करते. सत्तावीस वर्षं झाली. कागद नसेल तर मी सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नाही... त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय.

आता सगळं सोपं झालंय म्हणतात. खोटं नाही ते. पूर्वी गठ्ठे घेऊन खेटे घालायचो, आता फॉर्म आधीच अर्धा भरून येतो, साहेबाचं तोंड बघावं लागत नाही. पण ज्यांच्या घरी फोनच नाही त्यांच्यासाठी हे सोपं करता करता माझी कंबर गेली, ते कुणी विचारत नाही.

कशेळ्याच्या पुढे, जीप सोडून तासभर चढल्यावर, एक ठाकरवाडी आहे. आधारचा कॅम्प लागला तेव्हा तिथे एकच फोन होता, काळूरामचा. म्हणून शेजारच्या चार-पाच घरांच्या आधारला त्याचाच नंबर लागला. वाडीत रेंज नाही. वरच्या कातळावर उंबराखाली उभं राहिलं तरच मिळते. म्हणून आमची पद्धत अशी – मी आदल्या दिवशी जीपवाल्याबरोबर निरोप धाडायचा, काळूरामने सकाळी अकराला कातळावर जायचं, मी इकडे बटण दाबायचं आणि त्याने फोनवर ओटीपी वाचायचा. तो एकेक आकडा सुटा सांगतो आणि प्रत्येक आकड्यानंतर "लिवला?" विचारतो. सहा आकड्यांना सहा वेळा.

त्याच वाडीतली चांगुणाबाई माझी अशील. तिचा नवरा हिरू दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे तिने बँकेत ठेवले होते, आणि एक फॉर्म द्यायचा राहिला म्हणून बँकेने व्याजावर टॅक्स कापला. तो परत मिळणार होता. त्यावर तिच्या पोरीची, मनीषाची, नर्सिंगची फी अवलंबून होती. मार्चअखेर फी गेली नाही तर नाव कमी करू, असं कॉलेजने कळवलं होतं.

रिटर्न मी डिसेंबरच्या अगदी शेवटी भरलं. भरल्यावर तीस दिवसांत ओटीपी टाकून पक्कं करावं लागतं, नाहीतर ते भरलंच नाही असं धरतात. आणि मी विसरले. सरळ सांगते, विसरले. तिसाव्या दिवशी सकाळी यादी चाळताना चांगुणाबाईचं नाव लाल दिसलं. निरोप धाडायला वेळ नव्हता. मागाहून माफीचा अर्ज करता येतो, पण तो कधी मंजूर होणार आणि पोरीची फी कधी भरणार?

काही सुचेना म्हणून बटण दाबलं आणि काळूरामला फोन लावला. त्याचा फोन एरवी कायम बंद किंवा रेंजबाहेर. त्या दिवशी रिंग गेली, आणि उचलला.

"काळूराम, मेसेज आलाय बघा," मी म्हटलं.

पलीकडे वारा ऐकू येत होता. मग पुरुषाचा आवाज आला, दमलेला, चढ चढून आल्यासारखा. "पाचशे अकरा." थोडं थांबून, "दोनशे चार."

मी चिडले. म्हटलं, नेहमीसारखं एकेक सांगा की. त्याने पुन्हा तेच सांगितलं, तसंच. मी पाच एक एक दोन शून्य चार टाकले आणि हिरवी खूण आली. फोन ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, "पोरीचं झालं का, बाय?"

मी म्हटलं, "झालं." फोन कट झाला.

चार दिवसांनी काळूराम आणि चांगुणाबाई ऑफिसात आले. मी आधी काळूरामचे आभार मानले, तर तो म्हणाला, "कसलं आभार?" त्याचा फोन हंड्यात पडला होता, आठवडाभर कशेळ्याला दुरुस्तीला होता, आज सकाळीच मिळाला. "आन शिमकार्ड तं हितं व्हतं," म्हणून त्याने कमरेची तंबाखूची चंची दाखवली. मी दुकानदाराला फोन करून खात्री केली. माझ्या मोबाइलमध्ये तीन मिनिटांचा कॉल दिसत होता... आजही दिसतो.

मी घडलं ते सगळं सांगितलं. काळूरामने कानाला हात लावले. चांगुणाबाई मात्र घाबरली नाही. तिने एकच विचारलं, "आकडं सुटं सुटं सांगितलं, का जोडून?"

"जोडून. तीन-तीन."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मनीषाचा बाप माथेरानला हाटेलात हमाली करायचा. बॅगा खोलीवर पोचवायचा. लिवता-वाचता नाय यायचं त्याला. खोल्यांचं आकडं तेवढं यायचं, तीन-तीन जोडून."

मला तिच्याकडे बघवेना. मी उगाच की-बोर्ड पुसत बसले.

फोन कंपनीत असलेल्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, मावशी, लाइन चुकून दुसरीकडे लागली असेल. मग त्या दुसऱ्याकडे बरोबर आकडे कुठून आले?  शेवटी मी नाद सोडला, मार्चअखेरची कामं डोक्यावर होती. कापलेले पैसे परत आले, फी वेळेत भरली गेली, मनीषा दुसऱ्या वर्षाला आहे. याचा उलगडा मला झालेला नाही आणि होईलसं वाटतही नाही.

चूक माझी होती, आणि ती निस्तरायला कोण कुठून चढून आलं मला माहीत नाही. त्याने विचारलं तेव्हा वैतागलेली असूनही मी "झालं" म्हटलं. नुसता फोन आपटला नाही, एवढंच बरं वाटतं.