मानेची सोनोग्राफी

हसल्याने आयुष्य वाढतं, यावर आमच्या घरात देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. देवाला निदान अधूनमधून जाब विचारला जाई.

दादा, माझा थोरला भाऊ, लालबागच्या चाळीत राहतो. गणपतीत मंडळाच्या माइकवर हरवलेल्या मुलांचं वर्णन तोच पुकारायचा. त्याचा आवाज ऐकून रडणारी मुलं गप्प होत, काही जास्त रडत.

एका सकाळी त्याच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला आणि दहा मिनिटं त्याला शब्द सापडेनात. मग सगळं पूर्ववत झालं. डॉक्टर म्हणाले, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या नळ्यांची सोनोग्राफी करा, आजच.

"मानेची सोनोग्राफी?" दादा म्हणाला. "माका काय मानेत दिवस गेले?"

दुपारपर्यंत हा विनोद तिसऱ्या मजल्यावर पोचला होता. पोचवणारा मीच.

संध्याकाळी दादरच्या सेंटरमध्ये मी त्याला घेऊन गेलो. आम्ही दोघे सोडून सगळ्या गरोदर बायका. त्यातल्या एकीने उठून "काका, बसा ना" म्हणत त्याला खुर्ची दिली, आणि तो ओशाळून बसला. समोर पाटी होती : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. मला राहवलं नाही.

"दादा, आत गेल्यावर मुलगा की मुलगी विचारू नकोस. गुन्हा आहे."

"झील झालो तर तुझाच नाव ठेवतंय," तो म्हणाला आणि असा हसला की काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. सगळ्या खुर्च्या आमच्याकडे बघू लागल्या. तो उठला. "चल रे. माका लाज वाटता. हात बरो आसा आता."

त्याला हाताला धरून खाली बसवता आलं असतं. पण डॉक्टरांच्या 'आजच'वर माझा फारसा विश्वास नव्हता. डॉक्टरांच्या तोंडी ऐकलेलं सगळंच मला थोडं नाटकी वाटतं. आम्ही वडापाव खाल्ला आणि घरी आलो.

"भाऊजी, झाली तपासणी?" वहिनीने विचारलं.

"गर्दी होती. पुढच्या आठवड्यात जाऊ."

पुढच्या आठवड्यात दादा परळच्या एका हॉस्पिटलात होता. हाताच्या शिरेतून औषध सोडून डोक्या-मानेचा सीटी काढला. तरुण डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र फिरवून दाखवलं. रक्त वाहतं तिथे पांढरं दिसतं, म्हणाल्या. उजवी नळी भरघोस पांढरी, डावी जबड्याखाली सुताएवढी.

"मानेची सोनोग्राफी आधी केली होती का?"

"नंबर लागला नाही," मी म्हणालो. वहिनी शेजारीच उभी होती. तिने मान डोलावली. तिला ते खरंच वाटत होतं. अजूनही वाटतं.

दादा आता काठी घेऊन चालतो. समजतं सगळं, पण शब्द दोनच उरलेत, 'हो' आणि 'चल'. मंडळाच्या माइकवर यंदा दुसरं कुणीतरी होतं.

गेल्या महिन्यात उजव्या नळीवर लक्ष ठेवायला पुन्हा सोनोग्राफी सांगितली. सेंटर तेच, पाटी तीच. दादाने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वाट बघत राहिला. मी पेपर उघडला.

मग त्याचा नंबर आला. तपासणीला बारा मिनिटं लागली. त्यातली दोन मानेवरची जेली पुसण्यात गेली.