चिंचेखालची गर्दी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण माझ्या पहिल्यावहिल्या चौकाची गोष्ट सांगायची म्हणजे इज्जतीचा फालुदा ठरलेलाच!

नगररचना शिकून मी सोलापूरहून आलो आणि पुण्यात एका नियोजनकारांच्या ऑफिसात चिकटलो. हिंजवडीचं आयटी पार्क तेव्हा माण गावाच्या शेतांपर्यंत येऊन ठेपलं होतं आणि माणचा आराखडा आमच्याकडे होता. सर म्हणाले, "लोक आपणहून कुठे जमतात ते बघ. तिथेच चौक काढ. जमलं तर नोकरी कायम."

झालं! गळ्यात कॅमेरा, हातात मोजायची टेप घेऊन मी रोज संध्याकाळी रस्त्याकडेच्या चिंचेखाली उभा राहू लागलो. आधी दोन आजोबा आले. मग त्यांचे भाऊबंद आले. मग मोटरसायकली. आठवडाभरात भेळेची गाडीसुद्धा लागली! आता मला सांगा, याहून जिवंत चौक कुठे सापडणार? मी तर हवेतच होतो.

एका आजोबांनी विचारलंसुद्धा, "सायेब, हितं काय हुनार हाय?"

मी मोठ्या ऐटीत हसलो. "कळेल लवकरच!"

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट!

मग ऑफिसात बसून मी नकाशा रंगवला. बाकं काढली, दिवे काढले, मधोमध कारंजं काढलं. ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर तो भिंतीवर लावला. सरही कौतुकानं बघत होते.

सरपंचबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "चिंचंखाली? तितं कुत्रं बी फिरकत न्हाई."

"असं कसं? मी स्वतः पाहिलंय! रोज जत्रा असते तिथे!"

तेच आजोबा उठले. "आवो, आमी तुमाला बघाया येत हुतो! टेप घिऊन मानूस आला की कुनाच्या तरी वावरातनं रस्ता जातुया. तुमी कुनाच्या जमिनीकडं बघताय, ते बघाया नको व्हय? आन् इचारलं तर तुमी नुसतं हसला. माजी झोपच उडाली की!"

अख्खी पंचायत हसत सुटली. मागून भेळवाला ओरडला, "सायेब, तुमी गेल्यापास्नं माजा धंदा बसला!"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. परतताना गाडीत मी भीतभीत विचारलं, "सर, नोकरीचं काय?"

"करतो की कायम," सर शांतपणे म्हणाले. "फक्त ते कारंजं खोड आणि तिथे तुझा पुतळा दाखव. नाहीतर चौकात येणार कोण?"