कुंडलची वाफेची खोप

माझ्या भावाला वाफ घ्यायची होती आणि त्यासाठी मला माणदेशात जाऊन दोन घोंगड्या आणायच्या होत्या. काम एवढंच. पण साताऱ्याहून माण आणि माणातून आमचं गाव कुंडल हा रस्ता ज्यांना करायचा आहे त्यांनी आधी स्वतःची कंबर शेकून घ्यावी, मग निघावं.

श्रीपती माझा धाकटा भाऊ. लढाईवरून परत आला, पण इटलीत सुरुंग फुटला तेव्हा गुडघ्याखालचे दोन्ही पाय तिकडेच राहिले. गावच्या सुतारानं त्याला चार चाकांची बुटकी गाडी करून दिली आहे. तिच्यावर बसून तो हातांनी जमीन रेटत फिरतो. थंडीत त्याची कंबर अशी आखडते की बोलणंही बंद होतं. तिकडच्या इस्पितळात त्याच्या शेजारच्या खाटेवर कुठल्याशा बर्फाच्या मुलखातला एक शिपाई होता. त्याच्या देशात म्हणे परसात एक खोली असते. तिथं दगड तापवायचे, त्यांवर पाणी मारायचं आणि घाम काढत बसायचं. श्रीपतीनं ते डोक्यात घेतलं. एकदा त्यानं डोक्यात घेतलं की घरादाराला झोप नाही.

विहिरीजवळ अशी खोप बांधायची ठरली. सगळा माल शेतातलाच होता. खाली दगड, भिंतींना पांढरी माती, वर बाभळीचे वासे आणि उसाचं पाचट, पाण्यात टाकायला बांधावरची निरगुडी. लाकडी दार त्याला बसल्या जागेवरून ओढता येत नाही म्हणून दाराला घोंगडी. त्याची अट एकच होती, आत जाताना कुणी उचलायचं नाही. परत आल्यापासून लोक त्याला उचलतच होते, न्हाणीत, बैलगाडीत, देवळात. उचलणारे सगळे मायेचे होते, पण त्याला त्याचा वीट आला होता.

मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत शिकवते. दोन दिवसांची रजा आणि रविवार जोडून निघाले. पेट्रोल अजून रेशनवरच, त्यामुळे मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. भट्टी मागं असते, तेव्हा तुम्ही जाणार असाल तर पुढची जागा धरा. मी मागं बसले आणि कोरेगाव येईपर्यंत माझं पातळ कुठल्या रंगाचं होतं ते मलाच आठवेना. वर्धनगडाच्या घाटात मोटार थांबली आणि सगळ्यांना उतरायला लावलं.

"बाई, तुमी बसा. तुमी मास्तरीण हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"मास्तरणीला वजन नसतं का?" मी म्हटलं आणि उतरले. वर जाईपर्यंत त्या आगाऊपणाचा पश्चात्ताप झाला. पुसेगावात गुळाचा चहा मिळतो. साखर मागू नका, दुकानदार नुसता हसतो.

दहिवडीच्या अलीकडे एका वाडीत सारजामावशींचं घर आहे. घरचे पुरुष मुंबईला गिरणीत, म्हातारा मागावर, आणि मावशी दिवसभर लोकर कातत बसतात. रात्री त्यांनी हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी वाढली. इतकी दमले होते की वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली.

"दाराला घोंगडी? दाराला कोण घोंगडी घालतंय?" मावशींनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी कातायची चाती खाली ठेवली. "मग काळी ने, जाड हाय. पर आदी धुऊन घी. चिंचोक्याची खळ हाय तिला, वाफंनं चिकचिक व्हईल." मी घासाघीस केली नाही. तेवढं त्राणच नव्हतं.

दुसरा दिवस मायणी, विटा आणि धूळ. विट्यापर्यंत मोटारीत माझ्या पायाशी दोन मेंढ्या होत्या आणि घोंगड्यांना आपल्याच जातीचा वास येतो म्हणून त्या त्यांच्यावर डोकं ठेवून झोपल्या. मला त्यांचा हेवा वाटला. विट्याहून पुढं घरची बैलगाडी आली होती. कुंडलच्या शिवारात गुऱ्हाळं चालू होती, सगळीकडे काकवीचा वास होता. या दिवसांत गेलात तर भाकरी काकवीशीच खा. मी मात्र गाडीत आडवी पडून फक्त घर कधी येतं तेवढंच बघत होते.

घर आलं, पण श्रीपती अंगणात नव्हता.

"गोठ्यात बसलाय रुसून," आई म्हणाली. "सकाळपासनं भाकरीला हात लावला न्हाई."

मी विहिरीकडे जाऊन खोप बघितली. काम सुरेख झालं होतं. दारापर्यंत मुरूम ठोकून केलेला लांब, अलगद चढ. आत बरोबर गाडीच्या उंचीचा कट्टा, म्हणजे त्याला नुसतं सरकून बसता यावं. जाळ घालायचं तोंड बाहेरून. आणि दारात वीतभर उंच, बाभळीचा नवाकोरा उंबरा, हळदीकुंकू लावलेला. सकाळी श्रीपती मोठ्या हौसेनं चढ चढून गेला होता. पुढची चाकं उंबऱ्याला धडकली, तसाच मागं फिरला तो थेट गोठ्यात.

"आये, हे काय केलंस?"

"म्या दगडूमिस्त्रीला बसवाय लावला. उंबऱ्याबिगर दार असतंय व्हय? लक्ष्मी उबी न्हाई ऱ्हायाची."

"मग गाडी आत कशी जाणार?"

"दगडू हाय, सालगडी हाय. उचलून ठिवत्याल. वजन ते काय ऱ्हायलंय त्याचं."

ती हे वाईट हेतूनं बोलली नव्हती, हेच अवघड होतं. मला राग आला, पण भांडायला अंगात जीव नव्हता. मी घोंगड्या हौदावर धुऊन वाळत घातल्या आणि झोपले.

सकाळी दगडूमिस्त्रीनं दगड पारखायला म्हणून जाळ घातला. धूर बघून श्रीपती गोठ्यातून बाहेर आला. चढ चढला, उंबऱ्यापाशी थांबला. मिस्त्री उचलायला वाकला.

"हात लावू नगंस."

त्यानं दाराची चौकट धरली, खांद्याच्या जोरावर गाडीवरून अंग उचललं आणि उंबऱ्यावर टेकला. तिथंच दम खात बसला. तेवढ्यात आई शेणाची पाटी घेऊन आली आणि तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आरं, उंबऱ्यावर बसू नगं!"

"मग कुटं बसू, आये?"

तो ओरडला नाही. दमलेल्या माणसानं विचारावं तसं त्यानं विचारलं. मला रडू आलं. आईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"दगडू, पहार आण."

"आवं, पुजल्याला उंबरा उपटायचा?"

"उपटू नगंस. खाली पूर. जिमिनीबरुबर."

श्रीपती आपला आपणच खाली उतरला आणि बाजूला झाला. मिस्त्रीनं पहारीनं उंबरा सैल केला, खाली चर खणला आणि लाकूड त्यात असं बसवलं की वरून हात फिरवला तरी अडत नव्हता. आईनं त्यावर पुन्हा हळदीकुंकू वाहिलं. "आता लक्ष्मीलाबी ठेच लागायची न्हाई," ती पुटपुटली. श्रीपतीची चाकं त्या कुंकवावरून आत गेली. आईनं ते बघितलं आणि घोंगड्या उचलून माझ्याकडे दिल्या.

आम्ही घोंगड्या अडकवल्या आणि बाहेर उभे राहिलो. दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला, निरगुडीचा उग्र वास आला. आईला राहवेना.

"व्हय रं, बरा हायस न्हवं?"

"गप बसा की गं. घाम येतुया."

बऱ्याच वेळानं घोंगडी हलली आणि तो बाहेर आला, लालबुंद, ओलाचिंब. आईचा हात पुढं झाला होता. तिनं तो मागं घेतला आणि पदर घट्ट धरून ठेवला.

परतीला ताकारीहून आगगाडी धरली, सातारा रोडला उतरले आणि तिथून मोटारीनं गावात आले. तुम्हीही परत येताना हेच करा, माणाच्या रस्त्यापुढे आगगाडी म्हणजे सुख. घरी आले तेव्हा अंग ठणकत होतं. माझी खोली माडीवर, जिना उभा आणि अरुंद. मध्यावर मला बसावंच लागलं. मी श्रीपतीला दर पत्रात लिहिते, चार दिवस साताऱ्याला ये, हवापालट होईल. तो दर वेळी कळवतो, बघू. त्या जिन्यात बसल्या बसल्या मला ते 'बघू' समजलं.

तशीच उठून खाली घरमालकांकडे गेले आणि जिन्याखालची सरपणाची खोली भाड्यानं मागितली.

"अहो बाई, ती अंधारी आहे, ओल येते. तुमची वरची किती हवेशीर आहे!"

"आहे," मी म्हटलं. "पण तिथं माझा भाऊ येऊ शकत नाही."